चार बोटं उंच

३ नोव्हेंबर, सोमवार

खोकं आलं! ह्यांनी ते अंगणात, माझ्या वाळत घातलेल्या चादरीच्या बरोबर खाली उघडलं. आत काळं लोखंडी कॅरिअर, दोन बाजूंच्या दोन पट्ट्या, पाठ टेकायची गादी आणि नट-बोल्टची एक पुरचुंडी. विचारलं, हे कुणासाठी? म्हणाले, "मागं बसणाऱ्यासाठी. पाठ टेकून बसायचं. झोप लागली तरी पडायला नको."

झोपेचं काढायची गरज नव्हती. जूनपासून ऐकतेय. ताईकडून परत येताना पुलाच्या उतारावर मला डुलकी लागली आणि मी मोटारसायकलवरून पडले. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. मला आठवतो तो फक्त एक हिसका, आणि मग तोंडात माती. आदली अख्खी रात्र ताईचा गुडघा शेकत जागून काढली होती. लागली असेल डुलकी — नाही कुठल्या तोंडानं म्हणू? लेक अजून फोनवर चिडवते, आई, बसल्याबसल्या झोपलीस ना गं? मी हसते. पण पस्तीस वर्षं ह्यांच्या मागं बसले आणि एकदाही डोळा लागला नव्हता, हे कुणाला सांगू.

तेव्हापासून मागं बसले नाही. बसणारही नाही. गादी छान आहे, मऊ आहे.

५ नोव्हेंबर

ताईचा फोन. गुडघा बदलून घरी आली. शेजारीण बावीस तारखेपर्यंत सोबतीला राहील, मग तिलाही तिचं घर आहे. तेवीसला मी पोचलंच पाहिजे. महिनाभर तरी.

बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते, पुढं चार किलोमीटर चढ. बरोबर वॉकर, संडासाची उंच खुर्ची, आमचे कपडे. लेक म्हणाली, भाड्याची गाडी करा. हे ऐकायला तयार नाहीत. ताईला मधेच डॉक्टरकडे न्यायचं झालं, सामान आणायचं झालं, तर तिथं हाताशी गाडी नको का? आपली मोटारसायकलच न्यायची. कॅरिअरवर वॉकर बसतो, मी मोजलंय, म्हणाले.

म्हटलं, वॉकर बसेल. मी नाही बसणार.

हे नट-बोल्टचे पाने पुसत बसले.

९ नोव्हेंबर, रविवार

काम सुरू. सीट उतरवली, मागचा धरायचा दांडा काढला. गंजलेला एक बोल्ट निघेना तर त्याला तेल पाजून तासभर समोर स्टूल टाकून बसले. इतका धीर कधी माझ्यासाठी धरला असता तर!

कारखान्यात ह्यांना 'अर्धं सूत' म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या अर्ध्याचाही फरक ह्यांना खपायचा नाही. घरातसुद्धा तेच. भिंतीवरचं घड्याळ लावायला आख्खा दिवस. म्हणून कॅरिअरचं काम मला बघायला आवडतं हे कबूल करते. चारही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लावायचे, आवळायचा एकही नाही. सगळे आपापल्या जागी बसले की मग पान्यानं थोडं इकडचं, थोडं तिकडचं. एकच आधी आवळला तर बाकीचे तीन भोकावर येत नाहीत. हे मला आज समजावून सांगितलं, जसं काही उद्या मलाच करायचंय.

एक बोल्ट हातातून सुटला. ह्यांच्या डाव्या पायाशीच पडला, आणि हे उजवीकडं चाचपडतायत. म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! उचलून दिला. एरवी दोन शब्द परत मिळाले असते. आज मिळाले नाहीत.

१० नोव्हेंबर

रोज शंभर वेळा गाडीचा क्लच दाबायला लावलाय. मोडलेल्या मनगटाला व्यायाम म्हणे. दारात मोजत उभे राहतात. परिचारिका मी की हे?

१२ नोव्हेंबर

डाव्या पट्टीचं भोक जरा सरकवायचं म्हणून गाडी वेल्डरकडं नेली. चालवत नाही — ढकलत! पंधरा मिनिटांचा रस्ता. आले ते घामाघूम. विचारलं, काय झालं? पेट्रोल संपलंय म्हणाले. संध्याकाळी टाकीचं झाकण उघडून बघितलं, अर्धी टाकी भरलेली. भरून आणलं असेल.

आत येताना चौकटीला खांदा धडकला. या आठवड्यात दुसऱ्यांदा. चौकट चाळीस वर्षं तिथंच आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गादी बसली. कॅरिअर तर इतकं घट्ट की मी धरून हलवलं तर अख्खी गाडी हलली. खडखड होऊ नये म्हणून पट्टीखाली जुन्या ट्यूबचं रबर कापून घातलंय. कुठल्याही दुकानातल्या माणसाला हे सुचलं नसतं. ह्यांचा हात धरेल असं या बाबतीत कुणी नाही, एवढं खरं.

बसून बघ म्हणाले. उभ्या गाडीवर बसायला काय जातं, बसले. गादी थेट मानेला लागली! पाठीला काही नाही, मागं रिकामं. चार बोटं तरी उंच. मी तसं सांगितलं. गादीच्या दांड्याला तीन भोकं आहेत, ह्यांनी ती सगळ्यात वरच्या भोकात लावलीय. खालच्या भोकात घ्या, झालं काम. "बघतो," म्हणाले, आणि हत्यारं गोळा करायला लागले.

मला जरा वाईट वाटलं. बसायचं नाही म्हणते हे खरं, पण माझ्यासाठी केलेली गोष्ट माझ्या मापाची नसावी?

१६ नोव्हेंबर

आज गंमत झाली. कॅरिअर कुठं वाजतंय ते कान लावून ऐकायचंय, तू गाडी चालव, म्हणाले. मी! सेवानिवृत्तीला नऊ वर्षं झाली. त्याआधी पंधरा वर्षं ऑफिसची गिअरची गाडी घेऊन वस्तीवस्तीवर फिरले, लसींचा डबा मागं बांधून. लोक लांबून आवाज ओळखायचे आणि पोरं लपून बसायची.

पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारली. तिसऱ्यांदा निघाली — आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले, परत गेले. मनगट जरासुद्धा दुखलं नाही. खूप आनंद झाला. असा आनंद खूप दिवसांत झाला नव्हता.

परत आले तर हे दारात. वाजतंय का कुठं, विचारलं. म्हणाले, "नाही. वळताना घाई करतेस फक्त." कॅरिअरबद्दल विचारत होते मी!

सप्टेंबरात स्वतःचं लायसन्स संपत आलेलं तसंच ठेवून माझं मात्र नवीन करून आणलं होतं. तेव्हा म्हटलं होतं, कशाला? असू दे, म्हणाले होते.

१८ नोव्हेंबर

संतापलेय.

गादी पुन्हा वेल्डरकडं नेली होती. मला वाटलं खाली करायला. दांड्याला तुकडा जोडून ती आणखी बोटभर वर चढवून आणलीय! आता माझ्या डोक्याला टेकते. भिंतीवरचं घड्याळ अर्धं सूत वाकडं असेल तर झोप न येणारा माणूस पाच बोटं चुकतो? माणूस मनात नसलं की असाच चुकतो. मला नेमकं काय बोचलं ते लिहून ठेवते : जूनपासून ह्यांना माझा राग असावा. मी झोपले, पडले, ह्यांच्या हातून कधी कुणी पडलं नव्हतं त्या नावाला बट्टा लावला. तोंडानं बोलत नाहीत, गादीनं बोलतात.

तेवीसला मी बसनं जाणार. चार किलोमीटर चालेन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी बसची वेळ लिहून ठेवायला कागद हवा होता. ह्यांच्या हत्यारांच्या फळीवर मापं लिहिलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड मिळालं. सुबक अक्षर. कॅरिअरची लांबी, वॉकरची रुंदी, आणि खाली : 'सीटपासून खांदा — साडेबावीस इंच.' शिलाईच्या डब्यातला टेप काढला आणि खुर्चीवर बसून स्वतःला मोजलं. अठरा. पुन्हा मोजलं. अठराच.

हे स्टुलावर बसून गादीचं कापड पुसत होते. मी मागं गेले, काही न बोलता स्टुलावर टेप टेकवला आणि ह्यांच्या पाठीवरून वर खांद्यापर्यंत नेला. शिंप्यापुढं बसावं तसे न हलता बसून राहिले.

साडेबावीस. अर्ध्या सुताचा फरक नाही.

मी टेप गुंडाळला. मग म्हणाले, "डावीकडचं दिसत नाही मला. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायची नाही. दोन महिने झाले."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं एकटेच गेले होते, मला बेअरिंग आणायला जातो म्हणून सांगून. डोळ्यातला दाब वाढलाय. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधानं राहते. थेंबांची बाटली हत्यारांच्या खणात, ग्रीसच्या डब्यामागं.

मी ह्यांना समोर बसवलं. वस्तीवर करायचे तसं — एक डोळा झाकायला लावला, माझ्या नाकाकडं बघा म्हटलं, आणि डावीकडून बोट हळूहळू आत आणलं. दिसलं की सांगा. बोट पार नाकाजवळ आलं तेव्हा म्हणाले, आता. दुसऱ्या डोळ्याचंही तेच.

मला रडू आलं. लोकांच्या डोळ्यांत आयुष्यभर बॅटरी मारली. कुठल्या आजीला मोतीबिंदू, कुठल्या पोराला तिरळेपणा, सगळं मला दिसायचं. आणि घरात माणूस चौकटीला धडकतोय, गाडी ढकलत नेतोय, तर मी टाकीचं झाकण उघडून बघते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

विचारलं, सरळ का नाही सांगितलंत? म्हणाले, सांगायला बसलो की शब्द यायचे नाहीत, म्हणून म्हटलं आधी बसायची सोय करावी. मग म्हणाले, "तू म्हणालीस मागं बसणार नाही. ते बरंच झालं."

२१ नोव्हेंबर

थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर लिहिल्या. बाटली देवघरात नाही, हत्यारात नाही, जेवणाच्या टेबलावर. माझ्या डोळ्यांपुढं.

लेकीला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, आई, तू चालवणार? झोपू नकोस म्हणजे झालं. आम्ही दोघी हसलो. हे हसले नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम. वॉकर कॅरिअरवर उलटा बांधला, उंच खुर्ची त्याच्यात, कपड्यांची पिशवी वर. दोरी ह्यांनी बांधली. गाठी बघत राहाव्यात अशा.

मग हे मागं बसले. आयुष्यात कुणाच्या मागं बसले नव्हते. पाय कुठं ठेवू हेसुद्धा विचारलं! गादीला पाठ टेकली, हात गुडघ्यांवर, फोटोला बसल्यासारखे. म्हटलं, धरा मला. नको, गादी आहे ना, म्हणाले. आरशात बघितलं : गादी खांद्यांच्या बरोबर मधे.

बाजारापर्यंत जाऊन आलो. वाटेत ओळखीचे तिघं भेटले आणि तिघांनीही मान वळवून बघितलं. मी हॉर्न वाजवला. ह्यांनी मागून दोनदा सांगितलं की वळताना घाई करू नकोस. तिसऱ्यांदा म्हटलं, मागच्यानं गप्प बसायचं असतं, पस्तीस वर्षं मी काय केलं?

उद्या सातला निघायचं. भीती वाटतेय, पुलाची. पण ताई वाट बघतेय.

२३ नोव्हेंबर

पोचलो. वॉकर शाबूत, ताई खूश.

पुलाच्या अलीकडं ह्यांनी खांद्यावर थोपटलं. थांबले. हे उतरले, हेल्मेट काढून हातात घेतलं. म्हणाले, "त्या दिवशी तू झोपली नव्हतीस. डावीकडून सायकलवाला आला, तो मला दिसलाच नाही. ऐन वेळी गाडी ओढली मी, आणि तू पडलीस. सायकलवाला तसाच निघून गेला."

पाच महिने! पाच महिने मी डुलकी लागली म्हणून हसून घेतलं.

हेल्मेट घाला, बसा म्हटलं, गाडी सुरू केली. टेकडीच्या पायथ्यापर्यंत आरशात एकदाही ह्यांच्याकडं बघितलं नाही. चढ लागला तेव्हा कमरेला दोन हात लागले. गादी होती मागं, धरायची काही गरज नव्हती. पण मी काढा म्हटलं नाही.