सूर्यापलीकडचा दौरा

प्रिय दादा,

'तीर्थरूप दादास' अशी सुरुवात केली होती, पण लहानपणी मला माळ्यावर चढवून खालून शिडी काढून घेणाऱ्या माणसाला तीर्थरूप म्हणायला हात धजेना, म्हणून खोडलं. आदर आहे तो आहेच, तो कंसात समजून घे. तुझी तब्येत कशी आहे? त्या डोंगरावरच्या गारठ्यात कानटोपी घालतोस ना? दिवसा झोपून रात्रभर दुर्बिणीशी बसणाऱ्याचं पोट कधी ठिकाणावर राहत नाही, असं आमच्या ह्यांचं मत आहे. (ह्यांचा धंदा नळाच्या सामानाचा, त्यामुळे तुंबण्याच्या विषयात ते अधिकारवाणीने बोलतात.) तेव्हा कोमट पाणी पीत जा. इकडे आम्ही सगळे मजेत. माझं तारांगण चालू आहे, खुर्च्या करकरतात, मी अंधारात बोलते आणि लोक गार हवेत झोपतात.

पत्राला विशेष कारण असं काही नाही, सहज लिहिते आहे. मावशीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, हे तुला फोनवर कळलंच असेल. डावा डोळा राहिलाय, आणि तो राहण्यामागचं कारण कळलं नसेल, कारण तुम्ही मायलेक हल्ली फोनवर 'तिकडे पाऊस आहे का' आणि 'इकडे ऊन आहे' यापलीकडे जात नाही. त्यामुळे ते मलाच सांगावं लागणार. सरळ सांगता आलं असतं तर घरात मला टकळी म्हटलं नसतं, तेव्हा जरा टेकून बस.

काका गेले त्या दिवसांत संध्याकाळी आमच्या बाल्कनीसमोर एक ठसठशीत तारा उगवायचा. मावशीने तो पाहिला आणि हेच ते, असं ठरवून टाकलं. मी तारांगणात निवेदन करणारी बाई, मला ते कसं सोसणार? तो तारा नसून गुरू ग्रह आहे, तो एका जागी राहत नाही, भटकत असतो, असं मी तिला तिथल्या तिथे ऐकवलं. मला वाटलं, आता हिची समजूत ढासळेल. ती उलट पक्की झाली. वजनकाटे विकायला आयुष्यभर गावोगाव फिरलेला माणूस मेल्यावर एका जागी बसेल, यावर तिचा मुळात विश्वासच बसत नव्हता, आणि मी आयता पुरावा आणून दिला. मग ती रोज खुर्ची टाकून बसायची आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगायची, माझ्या आमटीतल्या मिठासकट. जसजसा तो पश्चिमेकडे सरकला तसतशी तिची खुर्चीही बाल्कनीतून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी सरकली, आणि आम्ही तिला ओलांडून भांडी घासायला लागलो.

त्याच सुमारास तिने तुला फोनवर मोठ्या आनंदाने सांगितलं, आणि तू म्हणालास की आई, तो नुसता वायूचा गोळा आहे. त्यावर ती म्हणाली की वायूचा त्रास त्यांना आधीपासूनच होता. (दादा, तू तिथे हसला असतास तर पुढचं काही घडलंच नसतं. मी तर हातातला चहा टेबलावर सांडला.) पण तू चिडलास, आणि बाबा आकाशात नाहीत, कुठेच नाहीत, असं म्हणालास. मावशीने फोन हळूच ठेवला आणि बराच वेळ त्याची वायर सरळ करत बसली. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझेही वडीलच गेले होते, आणि तुला त्यांच्याशी बोलायला खिडकी नव्हती. पण तेव्हापासून तुमच्या दोघांच्या बोलण्यात ऊन-पाऊसच पडतोय, आणि त्यात भिजते मी.

पुढे व्हायचं तेच झालं. गुरू खाली खाली जात एके दिवशी संध्याप्रकाशात दिसेनासा झाला. आकाशाच्या दृष्टीने ही अगदी किरकोळ बाब. आमच्या घरात मात्र हाहाकार. मावशीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ते गेले. त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं की मोतीबिंदू पिकलाय, आता चालढकल नको. मावशीने त्यांना शांतपणे सांगितलं की ते परत येईपर्यंत डोळ्याला हात लावू देणार नाही; ते आले आणि नेमकी मी पट्टी बांधून बसलेली असले तर? डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून कोण परत येणार आहेत असं विचारलं. मी म्हटलं, यजमान. त्या म्हणाल्या, कुठे गेलेत? तर दादा, विज्ञानाची पदवी घेतलेली, अंधारात शेकडो लोकांना सूर्यमाला समजावून सांगणारी तुझी ही बहीण, डॉक्टरांच्या खोलीत, तक्त्यावरच्या मोठ्या अक्षरांसमोर म्हणाली की सूर्यापलीकडे दौऱ्यावर गेलेत. डॉक्टरीणबाईंनी माझेही डोळे तपासून घेतले.

पण 'दौरा' हा शब्द मावशीला पटला. दौऱ्याला जाण्याची तारीख असते तशी येण्याचीही असते, ती दाखव, म्हणाली. म्हणून मी तिला दुपारच्या खेळाला तारांगणात घेऊन गेले. दुर्दैव असं की त्या दिवशी सगळं सभागृह विवेकवादी मंडळाच्या वार्षिक सहलीने भरलेलं होतं. देव, आत्मा, पुनर्जन्म यांतलं काहीही कुठे दिसलं तर तिथल्या तिथे हाणून पाडायचं, हा त्यांचा नेम. अध्यक्ष म्हणजे काठी घेतलेले, ताठ मानेचे गृहस्थ, पहिल्या रांगेत. मावशी नेमकी त्यांच्या शेजारी, आणि दिवे मालवेपर्यंत काकांचे सगळे दौरे त्यांना सांगून मोकळी. मी यंत्रवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की दिवस जरा भरभर पुढे ने, गुरू सूर्यामागून पलीकडे निघून पहाटे पूर्वेला उगवेपर्यंत. यंत्रवाल्याला सर्दी झाली होती. ही गोष्ट मी लक्षात घ्यायला हवी होती.

गुरू मावळला, सूर्याआड गेला, मावशी खुर्चीच्या कडेवर आली, आणि ऐन वेळी यंत्रवाला असा शिंकला की त्याच्या हाताखालचं बटण शेवटपर्यंत फिरलं. दिवसांच्या जागी वर्षं धावायला लागली. सगळे ग्रह घुमटावर भिरभिरू लागले, आणि गुरू तर आमच्या डोक्यावरून गरागरा फेऱ्या मारतोय. अंधारात मावशी उभी राहून ओरडली, "अहो, सावकाश! या वयात पडाल ना!" मी निवेदन करता करता गप्प झाले. (असं माझ्या आयुष्यात घडत नाही.) मंडळातलं कुणीतरी दिवे लावा म्हणून ओरडलं. यंत्रवाल्याने धापा टाकत सगळं मागे आणलं, हळूहळू नेमकी पहाट लावली, आणि पूर्वेला फिकट उजेडात तो वर आला. मावशी एवढंच म्हणाली, "आले." मग खाली बसली आणि पदराने चष्मा पुसत राहिली. मी पुढची माहिती न देता दिवेच लावले.

आता मंडळ आपल्याला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. तक्रार गेली तर नोकरीवर पाणी. मंडळ बाहेर गेलं, अध्यक्ष मात्र काठी टेकत थांबले. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तेच खाकरले आणि केवळ जिज्ञासा म्हणून विचारतो असं आधी तीनदा सांगून म्हणाले की ह्या बाईंचे यजमान फिरते होते, त्यांना ग्रह ठीक आहे. पण एखादी बाई अशी असेल की जिला घर सोडून कुठे जाणं आवडायचं नाही, तर तिच्यासाठी जागचा हलत नाही असा काही आहे का? मी त्यांना उत्तरेला तोंड करून उभं केलं, यंत्रवाल्याकडून पुन्हा अंधार करवला आणि ध्रुव दाखवला. त्यांनी काठीवर रेलून मान वर केली. मग फार तेजस्वी नाही, असं म्हणाले. मावशी मागून म्हणाली की घरातल्या बायका नसतातच फार तेजस्वी, पण जाग्यावर सापडतात. अध्यक्षांनी तिला काठी उचलून नमस्कार केला आणि या गोष्टीची मंडळात वाच्यता नको, असं मला बजावून गेले. (तू मंडळात नाहीस, म्हणून सांगितलं.)

परतताना रिक्षात मी मावशीला स्पष्टच विचारलं की तुला हे सगळं खरंच वाटतं का गं? ती म्हणाली, "टकळे, तू रोज पांढऱ्या छतावर दिवे पाडतेस आणि त्याला आकाश म्हणतेस. मी विचारलं का कधी?"  यावर तुला उत्तर सापडलं तर कळव, पण तिला नको.

तर, ते यायच्या आत डोळा तयार हवा म्हणून तिने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन निमूटपणे करून घेतलं. पट्टी सुटली, थेंब घालून झाले, आणि एका पहाटे मी तिला बाल्कनीत नेलं. गुरू गच्चीच्या कठड्यांवरून स्वच्छ वर आला होता. मी वाट पाहत होते की आता ही हसेल, रडेल, आमटीच्या मिठाचं साठलेलं सगळं सांगेल. तिने नव्या डोळ्याने नीट पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. म्हणाली, "अगंबाई, किती वाळलेत!"

दादा, झालं होतं असं की मोतीबिंदूच्या डोळ्याला तो आजवर वाटीएवढा, गुबगुबीत, भोवती प्रभावळ असलेला दिसत होता. नव्या भिंगाने तो जेवढ्यास तेवढा, टाचणीच्या डोक्याएवढा दिसला. मी हे तिला समजावलं. तिने उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, मग डावा झाकून उजव्याने, असं करत उजाडेपर्यंत बसली. आता तिचं म्हणणं असं की डाव्या डोळ्याला ते बरे दिसतात, तेव्हा त्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाई मला फोन करून विचारतात की यजमान आले का? मी म्हणते, आलेत, पण खराब होऊन आलेत. अशी सगळी परिस्थिती आहे. तुझ्या कामात व्यत्यय आणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ह्यांचा नमस्कार. कानटोपी घाल.

तुझी,
टकळी

ता. क. एक किरकोळ काम आहे. काका दौऱ्यावरून आले की मावशी चपलाही काढू न देता त्यांना आधी दाराजवळच्या काट्यावर उभं करायची, आठवतं? वजन उतरलं असेल तर दोन दिवस बोलायची नाही, नुसती वाढत राहायची. (हॉस्टेलमधून आल्यावर तुझीही त्यातून सुटका नसायची.) तर तिला त्यांचं वजन हवंय. उतरलेलं नाही अशी खात्री पटली की डावा डोळाही करून घेईन, म्हणते. मी सांगितलेला आकडा तिला चालत नाही. माझं आकाश छतावरचं, तुझं खरं. तुला तो झोपेतही पाठ असणार. तेव्हा गुरूचं वजन कागदावर लिही आणि दौऱ्यावर जाण्यापूर्वी होतं तेवढंच आहे, असं खाली लिही. त्यात एक अक्षरही खोटं नाही. तुझ्या विज्ञानाला कुठेही धक्का लागत नाही, हे मी दोनदा तपासून पाहिलंय. फक्त पाकिटावर माझं नाव नको, तिचं घाल.

ता. क. २ वर मी स्वतःविषयी जे विज्ञाननिष्ठ वगैरे लिहिलंय ते तसंच राहू दे. मात्र काल पहाटे बाल्कनीत कपडे वाळत घालताना मी त्याला आमटीची माझी बाजूही सांगून टाकली.

ता. क. ३ मावशीने वजनकाटा घासूनपुसून पुन्हा दाराजवळ आणून ठेवलाय. मी म्हटलं, अगं, गुरू त्यावर मावायचा नाही. तर म्हणाली, त्यांचं वजन पत्राने कळेल, हा डोंगरावर दौऱ्याला गेलाय त्याच्यासाठी आहे.