कोपर आणि कॅरिअर

रविवार, होळी तोंडावर. सिल्वासा

कोपर ठणकतंय, तरी हसूच येतंय मला.

नात सुमी सायकलवर शाळेत जायचं म्हणते. तिचा बाप, म्हणजे माझाच लेक, म्हणाला, "आधी आजीला मागं बसवून किलवणीपर्यंत नेऊन आण. पाडलं नाहीस तर जा." मेल्यानं मला पोतंच केलं की!

कासोटा घट्ट केला नि बसले कॅरिअरवर. रस्त्याला पळस असा पेटलेला, माझं तोंड काही बंद होईना. पुढं मोहाखाली फुलांचा सडा. "थांब गं, वेचू दे!" सुमी ब्रेक दाबेस्तोवर मी उतरलेसुद्धा. जन्मभर चालत्या बैलगाडीतून उतरलेली बाई मी! आपटले कोपरावर.

सुमी रडायलाच लागली. "संपलं आजी. आता पप्पा नाही म्हणणार."

"तू कुठं पाडलंस? मी उतरले."

घरी लेकानं विचारलं, "पाडलं का गं हिनं?"

"छे रे! ही बघ, ओटीभर फुलं आणली." पदर मात्र कोपरावर घट्ट.

उद्यापासून पोरगी सायकलवर शाळेत जाणार. आता हळद लावायला आली, नि कानात म्हणते, "आजी, पुढच्या वेळी आधी सायकल थांबणार, मग तू उतरायचं."

बघू म्हटलं. फुलं दिसल्यावर कुणाला धीर धरवतो?