करंट कुणालाच ओळखत नाही

प्रिय अण्णा,

माझा वायरमनचा परवाना परवा आला. नाव, पत्ता, जन्मतारीख तीन वेळा तपासली, सगळं बरोबर आहे. आई म्हणाली, "जा, त्यांच्या फोटोम्होरं ठेव." मी अजून ठेवलेला नाही. आज राजारामपुरीत जे झालं, त्यानंतर आधी तुमच्याशी भांडायचं आहे.

नववीत माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता, आठवतं? "ह्ये काम तुझं न्हाय. तुझ्या हाताला घाम येतोय. तू आपला दुकानात बस." तरी मी आयटीआयला गेलो. घाम अजून येतो. म्हणूनच मी हात पुसतो, मेन बंद करतो आणि फ्यूज काढून खिशात घालतो, म्हणजे माझ्या पाठीमागं कुणी लाइन चालू करणार नाही.

तुमचाच टेस्टर वापरतो. आधी चालू पॉइंटवर लावून पेटतो का बघायचं, मग बंद लाइनीवर, मग परत चालू पॉइंटवर. तुम्ही हसायचा. "देवाला बी एकदाच हात जोडत्यात. तू टेस्टरला तीनदा नमस्कार घालतोस व्हय?"

आज तुमच्या त्या जुन्या क्लासवाल्या सरांकडं गेलो होतो. एसीची वायर जळाली होती. वर्गात मुलं बसलेली. मी मेनकडं वळलो तसे सर म्हणाले, "लाइट घालवू नको. दोन मिन्टांचं काम हाय की. अण्णा असते तर चालू लाइनीवर जोडून, चहा पिऊन गेले असते."

"अण्णा गेले, सर. मेन बंद करावा लागेल."

"परवाना मिळाला आणि भित्रट झालास?"

"आधीपासनंच हाय."

त्यांनी माझ्यासमोर दुसऱ्याला फोन लावला. मी पिशवी उचलली. तुमचं इतकं जुनं गिऱ्हाईक मी पहिल्याच कामाला घालवलं. जिना उतरताना दोनदा थांबलो. पण परत वर गेलो नाही.

तुम्ही काविळीनं गेलात, करंटनं नाही. म्हणून सगळे मलाच ऐकवतात, तुझ्या बाला लाइनीनं कधी काय केलं? तुम्हीही मिशीवर हात फिरवून सांगायचा, "करंट मला वळखतोय."

मग मलकापूरच्या गिरणीत झटका बसला, तेव्हा त्यानं तुम्हाला ओळखलं नव्हतं का? उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तेव्हापासून बधिर झालं. पक्कड धरता यायची, पण शर्टाचं बटण बोटांना सापडायचं नाही. रोज सकाळी तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहायचा, छताकडं बघत. मी खालून वर एकेक बटण लावायचो. ते लोकांना कधी का सांगितलं नाही, अण्णा? निदान मला तरी सांगायचं होतं, की घाबरलास तरी चालतंय.

परवाना आता फोटोपुढं ठेवतो. नीट बघून घ्या. उद्यापासून कामावर माझ्याबरोबर असेल. तुमची आणखी गिऱ्हाइकं जातील. जाऊ देत. मी चालू लाइनीला हात लावणार नाही, कुणी कितीही हसलं तरी.

आणि तुमच्याएवढा म्हातारा होईन तेव्हाही माझ्या शर्टाची बटणं मीच लावेन.

तुमचा भित्रा,
अमोल
परवानाधारक वायरमन