दौडीचं घड्याळ येईपर्यंत

२२ सप्टेंबर १९९६, रविवार
आज मंडळाच्या गणपतीत व्याख्यान. विषय : आजचा तरुण. दीड तास बोललो. पाऊण तासानं मंडळाचा सेक्रेटरी सिद्धू घंटा वाजवू लागला. आरतीची तयारी असेल असं समजून पुढे गेलो. शेवटाला आवाज असा चढला की पुढच्या रांगेतली झोपलेली पोरं उठून बसली. त्या ओघात म्हणालो, "जिना चढताना धापा टाकणाऱ्यांनो! सव्वीस जानेवारीच्या तुमच्या दौडीत मी, सेहेचाळीस वर्षांचा माणूस, आष्टा ते सांगली धावेन. धावत पोचलो नाही, तर पुन्हा या व्यासपीठावर उभा राहणार नाही!"
टाळ्या. पंधरा वर्षं बोलतोय, अशा टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. लोक उभे राहिले. सिद्धूचे डोळे पाणावले. तीनतीनदा विचारत होता, "सर, नक्की ना? शब्द?" म्हटलं, शब्द.
घरी आल्यावर शकुंतला म्हणाली, "अहो, तुम्ही कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढता."

२३ सप्टेंबर, पहाटे
उठलो. बूट घातले. निघताना वेळ पाहिली. स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे, ते शकुंतलेनं मुद्दाम ठेवलेलं. मनगटावरचं लग्नातलं, किल्लीचं, ते किती मागे ते त्यालाच ठाऊक. म्हणजे मी नक्की किती वाजता निघणार? आणि हे माहीत नसेल तर धावलो याला पुरावा काय? मोजमापाशिवाय केलेला व्यायाम म्हणजे नुसती धावपळ.
बूट काढले. निर्णय : आधी घड्याळ, मग धावणं. निर्णय झाल्यावर फार हलकं वाटलं. सात वाजेपर्यंत झोप लागली.

२९ सप्टेंबर
आठवडाभर वाचन. कॉलेजच्या लायब्ररीत मॅरेथॉनवर जे मिळालं ते सगळं संपवलं. तो ग्रीक दूत रणांगणातून शहरापर्यंत धावला, विजयाची बातमी सांगितली आणि कोसळला. सगळे त्याला धावपटू म्हणतात. चूक! तो धावला कशासाठी? बोलण्यासाठी. मुळात तो वक्ताच. मेला, कारण आपण किती वेगानं धावतोय हे त्याला कळत नव्हतं. हातात घड्याळ असतं तर आणखी दोन-चार वाक्यं बोलू शकला असता.
हे शकुंतलेला सांगितलं. ती म्हणाली, "बातमी सांगून गप्प झाला ना? मग शहाणाच होता."

६ ऑक्टोबर
सिद्धू घड्याळांची माहितीपत्रकं घेऊन आला. स्टॉपवॉच, लॅप मेमरी, काउंटडाऊन, पाण्यात चालणारं, अंधारात दिसणारं. एका घड्याळात दोन देशांच्या वेळा दिसतात. आष्टा आणि सांगलीला त्याची गरज नाही, पण असलेलं बरं.
उद्यापासून निदान आमराईत चार फेऱ्या माराव्यात म्हणत होतो. सिद्धूच म्हणाला, "सर, घाई करू नका. घड्याळ नसताना पळालात आणि काही झालं, तर आम्ही तोंड कुणाला दाखवायचं?" आजच्या तरुणाबद्दल मी जरा कठोर बोललो होतो.

१३ ऑक्टोबर, सातारा
नाथाजीमामांकडे आलो. सुभेदार होते, रोज अजिंक्यतारा चढतात, मनगटावर फौजेतलं घड्याळ. ते घड्याळ वापरून पाहायचं, हा हेतू. मामा म्हणाले, "लेका, घड्याळाला काय लोणचं घालायचंय? आदी भागना शुरू कर. दम कवा लागतोय ते तुझं तुलाच कळंल."
जुनी पिढी. आदर राखून त्यांचं घड्याळ मागून घेतलं. पायथ्याला घड्याळ चालू करून निघालो. पहिल्याच वळणावर कॉलेजची काही मुलं भेटली. त्यांना किल्ल्याचा इतिहास धड ठाऊक नव्हता! उभ्या उभ्या सांगितला. मुलं एकेक करून खाली उतरली, विषय जड होता. वर पोचेस्तोवर दोन तास होऊन गेले होते. घरी आलो तर मामा केव्हाच चढून, उतरून, अंघोळ करून बसले होते.
यातला बोलण्याचा वेळ वजा करायला हवा. म्हणजे मला असं घड्याळ हवं, जे मी थांबलो की थांबेल. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "गड्या, तसलं घड्याळ तुझ्या हातात कायम बंदच ऱ्हाईल की."

२६ ऑक्टोबर
सांगलीतली सगळी दुकानं पालथी घातली. मनासारखं एक नाही. शेवटी एसटीडी बूथवरून मेहुण्याला, विश्वजितला, फोन. तो मूळ विट्याचा, सोनं गाळण्याचं दुकान मद्रासला. (आता चेन्नई म्हणायचं. पत्रात लिहितो, फोनवर जीभ वळत नाही.) म्हणाला, "दाजी, बर्मा बाजारात परदेशी माल लय. सांगाल ते धाडतो. पर तुमी पळणार म्हंजे, मागं कोण लागलंय?" हसत होता. बूथवाल्याच्या मीटरकडे बघत मी दौडीचं तत्त्वज्ञान थोडक्यात सांगितलं. मध्येच लाइन कट झाली. हल्ली फार होतं असं.

१२ नोव्हेंबर
दिवाळी. फराळ. धावपटूला साठा लागतो. चकल्या अकरा.

१९ नोव्हेंबर
विश्वजितचा फोन : घड्याळ घेतलं, माणूस शनिवारी निघतोय. सोनं गाळणाऱ्या या विट्याच्या गलाईवाल्यांची ही पद्धत मला आवडते. पार्सल नाही, पोस्ट नाही. गावाकडे जो निघेल त्याच्या मनगटावर वस्तू चढवायची. तो पोचला की वस्तू पोचली. बूट पॉलिश केले.

२४ नोव्हेंबर
एका इंग्रजी मासिकात वाचलं की परदेशात छातीला पट्टा बांधतात आणि हृदयाचे ठोके मनगटावरच्या घड्याळात दिसतात. झोप उडाली. विश्वजितनं घेतलेल्यात हे नाही! माझ्यासारख्या भावनाप्रधान माणसाचं हृदय मोजल्याशिवाय पळवणं हा गुन्हा आहे. सकाळीच शकुंतलेला घेऊन बूथवर गेलो, फोन करून म्हटलं, माणूस परत बोलव. तो म्हणाला, "दाजी, माणूस रेल्वेत हाय. गुंटकल गेलं असंल." म्हटलं, मग आल्या पावली परत धाड. तो म्हणाला, "ताईला द्या जरा फोन." दोघं काय बोलली कळलं नाही. शकुंतला नुसती "व्हय, व्हय" करत होती. माहेरच्यांशी बोलताना तिची भाषा बदलते.

८ डिसेंबर
बाजारात हल्ली सगळे विचारतात, "सर, आलं का घड्याळ?" नाही म्हटलं की प्रत्येकाचा चेहरा उजळतो. "येईल, येईल. तोवर पायाला जपा." पानवाला, इस्त्रीवाला, आमचे प्राचार्यसुद्धा. या गावाचं माझ्यावर इतकं प्रेम आहे, हे माहीत नव्हतं.
सिद्धू सांगत होता, पुढच्या गणपतीसाठी कोल्हापूरच्या ऑर्केस्ट्राकडे चौकशी केली. व्याख्यानाच्याच दिवशी. म्हटलं, चांगलं आहे, माझं झालं की गाणी. तो बुटाची नाडी बांधू लागला. बराच वेळ बांधत होता.

३० डिसेंबर
नव्या घड्याळासह माणूस संक्रांतीला गावी निघतोय. मात्र पट्टा मिळाला नाही. बदल्यात काउंटडाऊन दोन प्रकारचा आहे. चालेल. हृदय मी स्वतः सांभाळीन.
नव्या वर्षाचा संकल्प : रोज पहाटे हरिपूर रस्ता.

१ जानेवारी १९९७
थंडी.

५ जानेवारी
हरिपूर रस्त्यावर धावलो! घड्याळाविना, अंदाजानं. चिंचेच्या दुसऱ्या झाडाशी पोटात कळ आली. तिथे एक निवृत्त मामलेदार भेटले, त्यांच्याशी सहकारावर चर्चा झाली. येताना त्यांच्या स्कूटरवर. सुरुवात उत्तम.

१४ जानेवारी
संक्रांत. माणूस विट्यात पोचला. पण त्याच्या थोरल्या भावाला घड्याळ आवडलं, म्हणून चार दिवस घालतोय. तीळगूळ द्यायला आलेला सिद्धू म्हणाला, "सर, गोड बोला." आणि घाईनं पुढे, "म्हणजे... आहे तोवर."

२१ जानेवारी
झोप नाही. पायांचं काही नाही, पाय जातील. पण पंधरा वर्षं दर गणपतीत त्या चार फळ्यांवर उभा राहिलोय. मांडव ओला असतो, माईक कुईकुई करतो, पोरं फुटाणे खातात, आणि मी तोंड उघडलं की सगळं नीट होतं. मला तरी नीट होतं. ते नसेल तर सप्टेंबरात करायचं काय?
शकुंतला म्हणाली, "उद्या सकाळी मी येते बरोबर. चालू या नुसतं." म्हटलं, घड्याळ आल्यावर.

२५ जानेवारी
घड्याळ अजून विट्यातच. लग्नातलं घड्याळ आकाशवाणीच्या वेळेवर लावलं. उद्या.

२६ जानेवारी
क्रमानं लिहितो.
आष्ट्याला अंधारात पोचलो. मुलं कुडकुडत उभी होती. निघण्याआधी चार शब्द बोलावेत म्हणून पायरीवर चढलो. चार शब्दांना थोडा वेळ लागला. मुलं उड्या मारत ऐकत होती, ती उत्साहानं की थंडीनं, ठाऊक नाही. मग शिट्टी झाली.
पहिला टप्पा देखणा होता. दोन्हीकडे ऊस, समोर लाली. मग पोरं दिसेनाशी झाली. मग बरगडीत कळ. मग डावी पोटरी दगड. घड्याळ पाहिलं : सहा दहा. निघालो तेव्हाही सहा दहाच होते. किल्ली द्यायची राहिली होती.
रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर कोंडीबा म्हणाला, "आवं गुरुजी, दौड तर फुडं गेली. वाट चुकला व्हय?" म्हटलं, दम खातोय. म्हणाला, "मग वर बसून खावा की. दम तोच, आन् सांगली जवळ येती." वाद घालायला छातीत हवा नव्हती. बसलो. त्यानं एक कांडं तोडून दिलं. तुंग गावाजवळ दौडीतली मागची पोरं लागली, तेव्हा मी उसाआड झालो. हे लिहायला नको होतं, पण घडलं.
सांगलीवाडीला उतरलो. पूल समोर. पलीकडे हलगी वाजत होती. आणि पाय चालू लागले, खरंच, धावूही लागले! पुलावरून मी धावत गेलो. कठड्याला टेकलेले लोक ओरडले, "सर आले! सर आले!" पुढे सिद्धू, एका हातात हार, एका हातात माईक, चेहरा पांढराफटक. माईक माझ्यापुढे धरून हळूच म्हणाला, "सर... पुरी झाली?"
एका 'हो'चं काम होतं. मला पाहणारा एक कोंडीबा, तो कारखान्याकडे वळलेला. पण माईक समोर आला की मला खोटं बोलता येत नाही. इतर वेळी येतं. माईकवर कधी आलेलं नाही.
म्हणालो, "नाही. अर्ध्याहून जास्त वाट उसाच्या ट्रॉलीत होतो."
एवढंच. आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. टाळ्यांचा असा कडकडाट की पुलावरची कबुतरं उडाली. सिद्धूनं मिठी मारली. रडत होता. हार घातला. "सर, असा शब्दाला जागणारा माणूस आम्ही पाहिला नाही!"

२ फेब्रुवारी, रविवार
मंडळातर्फे माझा जाहीर सत्कार. त्याच व्यासपीठावर, मला खुर्चीत बसवून. मांडवात जागा नाही, लोक गच्च्यांवर. माझ्या एकाही व्याख्यानाला एवढी गर्दी झाली नव्हती. शाल, श्रीफळ, आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ. प्रत्येक वक्त्यानं सांगितलं की सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आता सर पुन्हा इथं बोलणार नाहीत, हे प्रत्येकानं दोनदोनदा सांगितलं. दोनदोनदा टाळ्या पडल्या.
शेवटी प्रथेप्रमाणे अध्यक्ष म्हणाले, "सत्कारमूर्ती आता उत्तर..." मी उठलोही होतो. उत्तर तयार होतं, तीन भागांत, पहिल्यात ग्रीस. सिद्धूनं अलगद खांद्यावर हात ठेवून बसवलं, माईक उचलून बाजूला नेला आणि फार आदरानं म्हणाला, "सर, शब्द."
मग ऑर्केस्ट्रा. नमुन्यादाखल आलेला. छान वाजवतात.
घरी आलो तर विट्याचा माणूस दारात. घड्याळ आलं! सुरेख आहे. लॅप मेमरी, दिवा, दोन काउंटडाऊन. मनगटावर बांधलं. कुठं जायचं नव्हतं.
शकुंतला ओट्याशी मटार सोलत होती. म्हणाली, "आज मांडवात एक शब्दही बोलला नाहीत. पंधरा वर्षांत पहिल्यांदा." मी म्हटलं, शब्द तर उभा न राहण्याचा होता. बसून बोलण्याबद्दल मी काहीच कबूल केलं नव्हतं. हा मुद्दा मांडायला हवा होता, तिथे सुचला नाही.
तिनं पायानं पाट माझ्याकडे सरकवला. "मग बसा. आणि बोला. त्या उत्तराचं काय करणार नाहीतर?"
बसलो. घसा साफ केला. तेवढ्यात तिनं माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडवून घेतलं, मटारच्या परातीशेजारी ठेवलं आणि माहितीपत्रक न बघताच काउंटडाऊन लावला. पाच मिनिटं.
पाच मिनिटांत ग्रीससुद्धा होत नाही. तसं सांगितलं. ती म्हणाली, "चालू झालंय ते."
म्हणालो, "सन्माननीय अध्यक्ष..."