मऊ अस्तर

३ फेब्रुवारी
कॅन्सर! डाव्या कानशिलावरचा तो खवलेदार डाग — चष्म्याची काडी घासते म्हणून सोडून दिलेला — तो कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, अगदी वरवरचा आहे. लवकर सापडला. बरा होईल." लेक तिथेच रडली, सुटल्यासारखी. मला राग आला. खोटं कशाला लिहू? हिचा, लेकीच्या आईचा, का नाही सापडला लवकर?

६ फेब्रुवारी
डाग डावीकडेच का, ते कळलं. शिवणयंत्राच्या डावीकडे दुकानाची खिडकी. पस्तीस वर्षं ऊन त्याच बाजूने.

उपचार असा — आधी लेझरने कातडीला डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडायची, वर मलम लावून तीन तास झाकायचं, मग लाल दिव्याखाली बसायचं. भोकांमुळे मलम खोल मुरतं, आणि दिव्याने ते पेटून उठतं, वाईट पेशी मारतं. असं दोनदा. "भोकं पाडायला मला बोलवायचं की! शिंपीच आहे मी," म्हटलं. बाई हसल्या. लेक नाही हसली.

१० फेब्रुवारी
पहिली खेप झाली. लेझरचं विशेष नाही, टाचण्या टोचल्यासारखं. पण तो लाल दिवा! आई गं! नर्सताई गार पाणी फवारत होत्या — "झालंच काका, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं काही संपेनात. आता दोन दिवस उजेडात जायचं नाही.

११ फेब्रुवारी
पडदे ओढून बसलोय. सुई ओवता येत नाही, म्हणजे मी बिनकामाचा. रिकाम्या डोक्यात नको ते येतं.

लिहूनच टाकतो. लेकीलाही सांगितलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी ही म्हणाली, "अहो, पाठीला शिवण टोचते हो." पाहिलं. खांद्याखालचा तीळ. मापं घेताना वर्षानुवर्षं पाहिलेला. आता काळाकुट्ट, कडा वेड्यावाकड्या, आणि मोठा झालेला. मोठा झालाय हे मला कळलं होतं! फितीवर पोट भरणारा माणूस मी. आणि केलं काय? शिवण अर्धा इंच सरकवली, आतून मऊ अस्तर लावलं. टोचतंय म्हटलं की कापड दुरुस्त करायचं, अंगाकडे बघायचं नाही — ज्यांच्याकडे शिवणकाम शिकलो, त्या उस्तादांनी हेच शिकवलं होतं. पण ती काय गिऱ्हाईक होती?

"आता नाही टोचत!" केवढी खूश झाली. सहा महिने तिच्या सगळ्या कपड्यांना अस्तर लावत बसलो. डॉक्टरकडे गेलो तेव्हा काखेत गाठी आल्या होत्या.

२४ फेब्रुवारी
आज दुसरी खेप होती. गेलो नाही.

२५ फेब्रुवारी
लेक तणतणत आली. "आईला संधीच मिळाली नाही. तुम्हाला मिळालीय, तर लाथाडताय!" काय सांगू तिला? की मला बरं व्हायची लाज वाटते? "दुखतं गं," एवढंच म्हणालो. तिने दोन मार्चची तारीख घेतली. नाही आलात तर उचलून नेईन म्हणते. नेईलही. आईवर गेलीय.

२६ फेब्रुवारी
दिवसभर काजं-बटणांचं काम. कानशील खाजतंय. बघू.

१ मार्च
दुपारी लेक दुकानात आली. कामावरचा कोट टेबलावर टाकला. "बाबा, पाठीला शिवण टोचतेय हो. जरा मऊ अस्तर लावून द्या ना."

कोटाला हात लावला नाही. तिला उजेडात, खिडकीशी बसवलं, कॉलर खाली ओढली, चष्मा चढवला. तीळ आहे. फितीने मोजला. मग सगळं सांगितलं तिला, अस्तराचं. तोंड धुऊन येते म्हणाली. तेवढ्यात हे लिहितोय.

उद्यापर्यंत थांबत नाही. दोघं आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे निघतोय.