थोरल्याचं तिकीट

दि. ६ फेब्रुवारी

चि. दात्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोनवर हे बोलता येत नाही. मी फोन उचलला की बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून सगळं ऐकतात. म्हणून दुकानात, गाड्यांच्या सीटकव्हरच्या ढिगावर बसून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

बाबांचे वरचे पुढचे चारही दात गेले. दोन कधीचे हलत होते, उरलेले दोन न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा गेले. बाकी खरचटलंसुद्धा नाही. जेवणाचंही अडत नाही, मऊ करून वाढते. अडलंय ते थोरल्याचं, त्या भल्यामोठ्या पितळी ट्युबाचं. पुढचे दात नसले की ओठाला आधार राहत नाही आणि ट्युबा वाजत नाही, हे मला आत्ता कळलं. अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावरही दलाच्या बँडची शनिवारची तालीम या माणसाने कधी चुकवली नव्हती. आता शनिवार आला की खिडकीत बसतात आणि रस्त्यावरच्या गाड्या बघतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही, जरा दम खातोय.

इथल्या दोन दंतवैद्यांना त्यांनी पिटाळून लावलं. एकाला म्हणाले, तुम्हाला फुंकायचं काय कळतं? मग काल आपणहून म्हणाले की धाकट्याकडे जाईन, पण थोरला बरोबर येईल. दात त्याच्या मापाने बसवायचे आहेत. तो पितळी हत्ती तुझ्या आधी घरात आला म्हणून तो थोरला आणि तू धाकटा, ही आपल्याला गंमत वाटते. बाबांना वाटत नाही.

तुम्हा दोघांचं फोनवर हवामानापलीकडे बोलणं होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी नाही म्हणू नकोस.

तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

नाही कशाला म्हणेन? दवाखान्याच्या वरच दोन खोल्या आहेत, एकीत मी आणि एकीत माझी पुस्तकं. पुस्तकं हलतील.

पण थोरला कशाला? मला फक्त त्याचा तोंडाला लावायचा माउथपीस लागेल. तो कोटाच्या खिशात मावतो. इकडे येणारं एकच विमान आहे आणि त्या कंपनीच्या स्वस्तपणाबद्दल काय सांगू! पाणी विकत, पिशवी विकत, पाय लांब करायचे तर तेही विकत. मागे माझी छत्री त्यांनी सामानात धरली होती. सामानाच्या पोटात थोरल्याला टाकलं तर इथे परात येऊन पोचेल.

बाबांना हे नीट समजावून सांग. माझं नाव सांगू नकोस, म्हणजे ऐकतील.

वाजवायचं मी सातवीत सोडलं, त्यानंतर त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. आता ते माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसणार, या कल्पनेनेच मी आत्तापासून अवजारं पुसत बसलोय. हे मात्र त्यांना मुळीच सांगू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
दात्या


दि. २५ फेब्रुवारी

चि. दात्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा माउथपीसचा सल्ला मी माझाच म्हणून सांगितला. बाबा म्हणाले, बूट शिवायला कुणी नुसती नाडी पाठवतं का?

मग मी विमानवाल्यांना फोन केला. पलीकडची मुलगी गोड होती. मोठ्या वाद्यासाठी शेजारची खुर्ची घेता येते म्हणाली, फक्त प्रवाशाचं नाव द्यावं लागेल. वाद्याला नाव कसलं, असं मी विचारणार तोच बाबांनी वर्तमानपत्राआडून सांगितलं, थोरला. तिने आडनाव आपलं लावून टाकलं. त्याला खिडकीची जागा मिळालीय, कारण वाटेत बसवला तर लोकांना बाहेर पडता येणार नाही म्हणे. बाबा मधल्या खुर्चीत.

पट्ट्यात आवळल्यावर त्याला पोचे पडू नयेत म्हणून मी जाड फोमचा अंगरखा शिवलाय. वरून उरलेलं निळं रेक्झिन लावलंय. बाबांनी चारदा घालून काढून पाहिला आणि काखेत जरा घट्ट होतोय म्हणाले. काख कुठे, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी पोचतील. थोरल्याला उचलायला पुढे होऊ नकोस, त्यांना आवडत नाही. त्यांची पिशवी घे.

तुझी,
ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

दोघेही पोचले. विमान तासभर उशिरा आलं आणि त्याचं कारण आपल्याच घराण्यात आहे. बाबा मला इतकंच म्हणाले की प्रवास ठीक झाला. बाकीचं त्यांच्या पलीकडच्या खुर्चीतल्या बाईंनी विमानतळाच्या दारातच सांगितलं. त्या औषधांच्या कंपनीत काम करतात.

झालं असं की दरवाजा लावायच्या आधी डोकी मोजली, तर यादीपेक्षा एक कमी. पुन्हा मोजली, पुन्हा कमी. प्रवासी वैतागले, कुणी म्हणालं बेपत्ता माणसाचं सामान उतरवा. शेवटी ध्वनिक्षेपकावर पुकारा झाला की श्रीयुत थोरला यांनी हात वर करावा. बाबांना आधी ऐकूच आलं नाही. ऐकू आल्यावर ते उठून उभे राहिले आणि दलात हजेरी देतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले की हजर आहेत, खिडकीशी बसलेत, त्यांना हात नाहीत. सगळं विमान हसलं म्हणे. पट्टा पुरेना म्हणून हवाईसुंदरीने लठ्ठ प्रवाशांसाठी असतो तो जोडपट्टा आणून दिला.

पुढे काय झालं ते ऐक. त्या बाई मला म्हणाल्या, तुम्हीच ना ते डॉक्टर? वडील सगळ्या रस्त्याने तुमच्याबद्दलच बोलत होते. हात इतका हलका आहे म्हणे की दात निघाला हे दातालाही कळत नाही. मग त्यांनी तिथेच, सामानाच्या गर्दीत, आपली दाढ मला दाखवली आणि कधी येऊ विचारलं. मागच्या रांगेतल्या दोघांनाही बाबांनी माझा पत्ता दिलाय.

मी वळून पाहिलं तर बाबा थोरल्याचा अंगरखा झटकत होते.

मापं घेतली. मी काम करत होतो आणि ते छताकडे बघत होते. तोंडात साचा असला की कुणालाच बोलता येत नाही, तेवढी सोय झाली.

तुझा,
दात्या


दि. १७ मार्च

चि. दात्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

इतके दिवस झाले, एक ओळ नाही. दात बसले का? वाजतंय का? फोनवर बाबा मला सांगतात की हवा छान आहे. हवामान खातं आता दोन्ही शहरांत चालू झालंय वाटतं.

घर फार शांत आहे रे. इतकी वर्षं भिंतीपलीकडून येणारे ते भोंगे ऐकून वैतागायचे. आता दुकानातून परतले की मी मुद्दाम रेडिओ लावते, आणि मग तोही नको होतो. थोरला वाजायला हवा. नाही वाजला तर बाबा खिडकीतून उठायचे नाहीत, आणि तसं त्यांना बघणं मला जमणार नाही.

लगेच लिही.

तुझी,
ताई


दि. २४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. पहिली कवळी दिसायला झकास होती. बाबांनी आरशात पाहिलं, म्हणाले लग्नातला फोटो आठवला. मग त्यांनी ट्युबा मांडीवर घेतला, फुंकर मारली आणि नुसतं फुस्स झालं. पुन्हा फुस्स. मी घासली, वाकवली, दुसरी केली. तिच्यातूनही फुस्सच. कुठे बोचतंय विचारलं तर म्हणायचे, बोचत नाही, बसत नाही. परवा त्यांनी माउथपीस काढून खिशात टाकला आणि परतीचं तिकीट बघायला सांगितलं.

काल दुपारी मी तिसरी कवळी घेऊन वर गेलो. घालून बघायला तयार नव्हते. मी म्हटलं, बाबा, मला तोंडाच्या आतलं सगळं कळतं, पण फुंकताना आत काय होतं ते कळत नाही. दाखवा. त्यांनी खिशातून माउथपीस काढला, रुमालाने पुसला, ट्युबाला लावला आणि माझ्यापुढे केला. म्हणाले, सांगून नाही कळायचं, फुंक.

ताई, मी फुंकलं. चिखलात रुतलेला ट्रक ओरडावा तसा आवाज निघाला. पण वरचा ओठ कुठे दाबला जातो ते मला कळलं. दातांच्या टोकाशी नाही, वर, हिरडीच्या जवळ. मी दात दिसायला छान म्हणून पुढे काढले होते, ओठाला मागे टेकायला जागाच ठेवली नव्हती. खाली धावत गेलो, कानशीने घासून आणलं.

मग वाजला. खालचा एकच सूर, लांबलचक. भिंतीवरची माझी पदवी हलली. खालच्या प्रतीक्षाखोलीतले एक गृहस्थ गालात कापूस धरून जिना चढून आले आणि दारात उभे राहिले.

बाबांनी डोळे पुसले, मग मला म्हणाले की तू गाल फुगवतोस, सातवीतही फुगवायचास. आणि ट्युबा पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला.

काल संध्याकाळपासून माझी शिकवणी चालू झाली आहे. परतीच्या तिकिटाचं कुणी काढत नाही.

तुझा,
दात्या


दि. १४ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी सुखरूप पोचलो. मला पत्रं लिहिता येत नाहीत, ताई बसून लिहायला लावतेय. ती म्हणते, असं कसं आलात थोरल्याला सोडून? तिला वाटतं माझा दम संपला. तसं नाही. शनिवारी तालमीला गेलो होतो. बँडच्या खोलीतला जुना ट्युबा घेतला आणि दातांनी चांगली साथ दिली. बँडमास्तरने दात कुणी बसवले ते विचारलं. मी सांगितलं. दोघा-तिघांची तोंडं खराब आहेत, त्यांनाही तुझा पत्ता दिला आहे.

या वेळी खिडकीची जागा मला मिळाली. खाली ढग दिसतात. जाताना माझ्यापुढे थोरला होता, त्यामुळे काहीच दिसलं नव्हतं.

कळांना आठवड्यातून एकदा तेल घाल. नुसता कोपऱ्यात ठेवलास तर कळा अडकतात, रोज अर्धा तास तरी वाजव. गाल फुगवू नकोस. समोरच्या घरातल्या बाईंनी तक्रार केली तर मला कळव, म्हणजे नियमित वाजवतोस हे समजेल. चुकलं तर थांबू नकोस, पुढे जा. बाकीचं मी आल्यावर बघू.

थोरला तिथे का ठेवला, हे तू विचारलं नाहीस, ताई मात्र रोज विचारते. तिला सांगितलं तेच तुला सांगतो. त्याला प्रवास सोसत नाही. मला सोसतो.

लोभ आहे, तो वाजता ठेव.

तुझा,
बाबा