जुन्या रिमोटचा दोष नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

सिग्नल तुटला नव्हता. इथं तरी खरं लिहितो.

आज साखर कारखान्यावर मोळीपूजन होतं. उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, पडली की हंगाम सुरू. शूटिंगचं काम आमच्याकडे – म्हणजे मी आणि सहादेव. भिंगारच्या बाजारात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ड्रोन तो बनवतो, मी उडवतो. एफपीव्ही! डोळ्याला गॉगल लावला की ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. शेजारी कोण उभं आहे तेही कळत नाही. म्हणून मी उडवत असलो की सहादेव कायम माझ्या उजव्या हाताला उभा.

गुरुजींनी वजनकाट्याला, गव्हाणीला, तोडणीवाल्यांच्या कोयत्यांना हळदकुंकू वाहिलं. मला मिरवायची खाज! म्हणालो, गुरुजी, आमच्या रिमोटलाही घाला की हार. लोक हसले, फोटो निघाले. झेंडूचा लहानसा हार अँटेनाला गुंडाळून खाली लोंबत राहिला.

सहादेव म्हणाला, "हार काढ आन् मंग उडीव."

मी म्हणालो, राहू दे रे, भारी दिसतोय.

ड्रोन उसाच्या ट्रॅक्टरांमधून काढला, चिमणीला वळसा घातला. टाळ्या ऐकू येत होत्या. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही हा नियम मला पाठ आहे, मीच दुसऱ्यांना सांगत असतो. टाळ्या ऐकल्या आणि नेला. मोड बदलायला बोट वरच्या बटनाकडे नेलं, तर हाराचा दोरा बोटात अडकला. बोट झटकलं. दोऱ्यासरशी शेजारचं मोटारींचं बटन खाली! हवेत मोटारी बंद. आमचा ड्रोन तरंगत बिरंगत नाही, दगडासारखा पडतो.

तोडणीच्या टोळीतली एक बाई. ड्रोनच्या पंख्याची पाती तिच्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर. रक्त.

गॉगल वर केला तर रिमोटवर हार नव्हता. कुठं पडला कोण जाणे. बरं झालं – हे मनात आलेलं पहिलं वाक्य! बाई ओरडत होती आणि मला हार नाही म्हणून बरं वाटत होतं.

कुणीतरी माझी कॉलर धरली. तोंडातून निघून गेलं, सिग्नल तुटला!

"बनावलाय कुणी ह्यो?"

सहादेव पुढं झाला. "म्या. माझं सोल्डर सुटलं असंल."

कॉलर माझी सुटली, त्याची धरली. मी माझी कॉलर सारखी केली.

४ नोव्हेंबर

मोनिकालाही सिग्नलच सांगितला. बायकोशी खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही. कालच्यापेक्षा याची लाज जास्त वाटतेय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सहादेवनं जुना रिमोट उघडला. त्यातला सिग्नलचा मॉड्यूल त्यानंच दोन वर्षांपूर्वी बसवलेला. एकेक जोड भिंगाखाली धरून बघत होता. मी समोर स्टुलावर बसून चहा पीत होतो. चहा!

मग ड्रोनची राहिलेली हाडं घेऊन नाल्यापलीकडच्या माळावर गेलो. मी रिमोट धरून उभा, तो ड्रोन घेऊन चालत चालत ठिपक्याएवढा झाला. सिग्नल शेवटपर्यंत ठणठणीत.

परत आला तेव्हा घामेजला होता. "काय कळंना गड्या," म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. मीही त्याच्याकडे बघितलं नाही, त्यामुळे कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

हार काढ म्हणाला होता ते विसरला असावा. त्या गोंधळात कुणाला आठवणार?

"तरी बदलूनच टाकू," तो म्हणाला. "लोकांनी ह्यो बघितलाय. आता ह्यो घिऊन कुठं उभं राहता यायचं न्हाई."

म्हणजे मी नवा रिमोट घ्यायचा. चांगला रिमोट वाईट ठरवून. नाही म्हणायला तोंड कुठंय मला!

९ नोव्हेंबर, रविवार

आज जे लिहितोय त्याची लाज सगळ्यात मोठी – मला मजा आली.

दिवसभर रिमोटचे व्हिडिओ बघितले. व्हिडिओ गेमसारखे बुटके, दोन्ही अंगठ्यांनी चालवायचे. नाहीतर डब्यासारखे मोठे, गळ्यात पट्टा अडकवून स्टिक चिमटीत धरायच्या. जुन्याच्या स्टिकखाली घासणारे भाग आहेत, झिजून मध्यावर थरथरतात. नव्यात चुंबकाचे सेन्सर, घासायला काहीच नाही. सिग्नलचं सगळं आतच, बाहेरून मॉड्यूल जोडायला नको. मोनिकाला दाखवलं, हा काळा बघ, हा बघ निळ्या कडेचा.

ती म्हणाली, "साडी घेताना मला असं कधी विचारलं नाहीत." हसलो. हसल्यावर एकदम ती बाई आठवली, रिमोटची खिडकी बंद केली. पाच मिनिटांनी पुन्हा उघडली.

सहादेवला फोन केला, मोठा घ्यावा की बुटका? चुंबकाचे सेन्सर याच्यातही आहेत, त्याच्यातही. तो म्हणाला, "त्ये सोड. बटनं कुठं हायेत त्ये बघ पयलं."

म्हणालो, बटनांचं काय एवढं, ती सगळ्यांना सारखीच.

"सारखी नसत्यात. मोटारीचं बटन एकलं पायजे. त्येच्या शेजारी दुसरं नगं."

बरं म्हणालो. मनात म्हणालो, याला स्टिकमधलं काय कळतंय, कधी उडवलाय का यानं!

१२ नोव्हेंबर, बुधवार

गेलो शेवटी. कारखान्यामागे टोळीच्या कोप्या आहेत. पाचटाच्या भिंती, वर प्लॅस्टिक. मला वास ओळखीचा. माझं लहानपण असल्याच कोपीत गेलंय – आईबाप पाथर्डीहून दर दिवाळीनंतर बैलगाडीत संसार घालून निघायचे. अजून निघतात, यंदा कर्नाटकात आहेत. हे मी कामावर कुणाला सांगत नाही. ड्रोनवाला अंगद म्हणतात, तेवढं पुरे!

बाईंचं नाव कडूबाई. हाताला टाके, पांढरी पट्टी कोपरापर्यंत. डाव्या हातानं भाकरी थापत होत्या. डाव्या हातानं भाकरी गोल येत नाही.

मी चुळबुळत उभा राहिलो. त्यांनीच विचारलं, "कुठला रं तू?"

पाथर्डीकडचा.

"मंग आपलाच की! बस. त्याचं काय एवढं, कोयता निसटला तर ह्याच्यापरीस मोठं लागतं."

दुखतं का म्हणून विचारलं. काय प्रश्न!

"दुखनं जाऊंदे. आर्धा कोयता झालाय आमचा, त्येचं वाईट वाटतं."

इतर कुणाला कळणार नाही, मला कळलं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. एकटा राहिला की त्याला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम अर्ध्या कोयत्याला वाटेल ते बोलतो. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई पडून होती, तेव्हा आमचा बापही अर्धा कोयता होता. टोळीत सगळ्यात मागे राहायचा आणि मान खाली घालून जेवायचा.

"त्यो तुझा दोस्त मातर लई गुनाचा," कडूबाई म्हणाल्या. "दोनदा येऊन ग्येला. माझ्या पाया पडला, माझ्या हातनं चूक झाली म्हनला. त्येला सांग, मनाला लावून घिऊ नगं."

सांगतो म्हणालो. उठलो. भाकरी खाऊन जा म्हणत होत्या, ती वाकडी भाकरी. गाडीला किक मारली आणि पळालो.

१३ नोव्हेंबर

सहादेवला सांगणार. आजच. दुकानात गर्दी होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गर्दीचं खोटं. कुत्रं नव्हतं दुकानात.

आज मात्र होतं कुणीतरी. श्रीगोंद्याचा लग्नं शूट करणारा एक जण आपला ड्रोन परत न्यायला आला. सहादेवकडे दुरुस्तीला दिला होता, अर्धा उघडलेला, तसाच मागत होता. "नको राव, तुमच्या जोडावर भरवसा नाय. उद्या नवरदेवाच्या टकुऱ्यात पडायचा!" माझ्यासमोर बोलला. मला ओळखून, हसून, वर मलाच म्हणाला, "तुम्ही बचावलात."

सहादेवनं सगळे स्क्रू मोजून पुडीत बांधले, पुडी ड्रोनला चिकटवली, दिला. तो गेल्यावर पंखा पुसायला घेतला, टेबलफॅन, कुणाचाही नव्हता तो, दुकानातलाच.

मी म्हणालो, सहादेव. तो म्हणाला, काय. मी म्हणालो – बुटका नको, मोठाच घेऊ. तू म्हणतोस तसं, बटनं लांब लांब आहेत.

थू! थू माझ्या जिनगानीवर.

१६ नोव्हेंबर

मोठाच मागवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आला. सहादेवच्या दुकानात उघडला. हातात घेतल्यावर छान वजनदार. स्टिक अशा फिरतात की बोटाखाली काही आहे असं वाटत नाही. पोराला नवी सायकल मिळावी तसा मी तो कुरवाळत होतो आणि स्वतःला शिव्या देत होतो. दोन्ही एकाच वेळी जमतं, हे मला माहीत नव्हतं.

सहादेवनं तासभर खपून सेटिंग केलं. मोटारींचं बटन डाव्या खांद्यावर, एकटं. त्याच्यावर काळी रबरी नळी चढवली, हाताला वेगळी लागावी म्हणून. मोड, कॅमेरा, बीप – सगळं उजवीकडे. मी म्हणालो एवढं कशाला? "असू दे," म्हणाला.

जुना रिमोट काउंटरवर पडला होता. म्हणालो, हा भंगारात देऊ.

त्यानं तो उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला, फडक्यात गुंडाळून. "भंगारात न्हाई. त्येचा काय दोष?"

मी मान वर केली. पण तो लगेच दुसरं बोलायला लागला, बॅटऱ्यांचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवा ड्रोन बांधून झाला, त्याच्याच सोल्डरचा. माळावर उडवला. माणसं नाहीत, एक मेंढपाळ लांब. नव्या रिमोटवर मी जुन्याइतकाच बरा आणि जुन्याइतकाच वाईट उडवतो. वळणावर तसाच बाहेर जातो. दोन वर्षं स्टिकच्या थरथरीला नावं ठेवत होतो!

सहादेव उजव्या हाताला उभा, नेहमीसारखा. गॉगलमधून मला माळ दिसत होता, आभाळ दिसत होतं, भिंगारची घरं दिसत होती. तो काय बघत होता ते दिसत नव्हतं.

उतरवल्यावर म्हणाला, "कडूबाईचे टाके निघाले. बोटं हलत्यात चांगली. मोळ्या चढवायला अजून म्हैना जाईल." मग थांबला. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबल्यासारखा. मी बॅटरी काढत बसलो. गरम होती.

२७ नोव्हेंबर

मोनिका म्हणतेय, नव्या रिमोटची पूजा करायची राहिली. रविवारी सहादेवभाऊजींना जेवायला बोलवा, सगळं एकदमच होईल. आणि म्हणाली, "तुम्ही हल्ली त्यांचं नाव काढलं की बनियनच्या आत मुंगी शिरल्यासारखं करता." काही नाही म्हणालो.

३० नोव्हेंबर, रविवार

जेवणाआधी मोनिकानं पाटावर रिमोट ठेवला. हळदकुंकू लावलं. ताटात झेंडूचा छोटा हार होता, तो अँटेनाला घालायला गेली. सहादेवनं तिच्या हातातून हार काढून घेतला आणि पाटाच्या कडेला ठेवला.

"रिमोटला नगं वहिनी. एकदा काढलाय म्या."

मोनिकानं हसत विचारलं, "कधी हो?"

सहादेव माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी रिमोटवरचा हार कुठं गेला ते मला आत्ता कळलं.

मग मी सांगितलं. सगळं. उद्या सकाळी हेच सांगायला कारखान्यावर जायचंय, आधी कडूबाईंकडे. सहादेव म्हणतो, मी उजव्या हाताला उभा राहीन.